भावाच्या बोटीला दहापैकी सहा

माझा घोटा मोडला नसता तर व्हिडिओ गेमना बरं-वाईट म्हणण्याच्या भानगडीत मी आयुष्यात पडले नसते. गोव्यात डिचोलीच्या आमच्या इमारतीत कुणीतरी जिन्यात बसून नारळ सोलला आणि सोडणं तिथंच टाकून दिली. मी रिकामी पिशवी घेऊन बाजाराला निघाले होते. पिशवी वर राहिली, मी खाली पोचले. मग पाय प्लास्टरमध्ये घालून मेजावर ठेवायचा आणि बसायचं, एवढंच काम उरलं. टीव्हीवरच्या मालिका मला सोसत नाहीत. त्यातल्या सुना झोपतानाही दागिने काढत नाहीत. टीव्हीखाली नवऱ्याने मोठ्या हौसेने आणलेला कन्सोल पडून होता. त्याची हौस महिन्याभरात फिटली होती आणि त्यावर मी क्रोशाचा रुमाल घातला होता. तो रुमाल मी काढला.

पहिलाच खेळ शेतीचा होता. माझं सासर आमोण्याचं. मांडवीच्या काठाला आमची थोडी भातशेती आहे, आणि लग्न झाल्यापासून लावणीला मी चिखलात उतरते. या खेळात भात बघता बघता पिकायचं. बांधाला खेकडे भोकं पाडत नव्हते, खारं पाणी आत शिरत नव्हतं, रानडुकरं नव्हती, आणि शेतकऱ्याची कंबर कधीच दुखत नव्हती. खोक्यावर मात्र लिहिलेलं, 'खऱ्या शेतीचा अनुभव'. माझं डोकं फिरलं. पाय हलत नव्हता तरी हात हलत होते. मी पानभर तळतळाट लिहून काढला आणि इथल्या एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीला पाठवून दिला. संपादकांचा फोन आला. म्हणाले, "छापतो. दर रविवारी असं रागावता येईल का?" मी म्हटलं, पाय बरा होईपर्यंत रागावेन. पाय केव्हाच बरा झाला, सदर अजून चालू आहे.

संपादकांची एकच अट होती, शेवटी दहापैकी आकडा हवा. मला ते पटत नव्हतं, अजूनही फारसं पटत नाही. आपण जीव ओतून लिहायचं आणि लोक आधी तळाशी बघणार, बऱ्याचदा तेवढंच बघणार. डिचोलीच्या बाजारात मी जिच्याकडे मासे घेते ती बाई सोमवारी हटकून विचारते, "ह्या खेपेक किती दिलंस गो?" तिचा मुलगा माझा आकडा बघून खेळ घेतो. एकदा माझ्या भरवशावर घेतलेला खेळ त्याला आवडला नाही, तेव्हा तिने मला बांगडे दिले, पण कालचे. टीकाकाराची जबाबदारी काय असते ते मला त्या बांगड्यांनी शिकवलं.

खेळ तरी किती तऱ्हांचे! फुटबॉलचा एक खेळ दरवर्षी येतो. नवरदेव तोच, फेटा नवा. त्याला मी एका वर्षी सात दिले आणि पुढच्या वर्षी 'गेल्या वर्षीचंच वाचा' एवढं लिहून मोकळी झाले. एक भुताचा खेळ आला. जाहिरातीत रक्ताचे पाट. आत बघावं तर भूत दर थोड्या वेळाने त्याच दारातून, आधी बिजागरी कुरकुरवून, मगच येणार. आमच्याकडे सकाळी पोदेर पाव घेऊन येतो तोही असाच आधी भोंगा वाजवतो. तिसऱ्या खेपेला मी त्या भुताला चहा विचारला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तीन दिले. तलवारीचा एक खेळ इतका कठीण, की पुलावरच्या एका राक्षसाने मला आठवडाभर मारलं. मी राक्षसावर चिडले, नवऱ्यावर चिडले, कंट्रोलर सोफ्यावर आपटला. मग एका दुपारी लक्षात आलं की राक्षसाचं काही चुकत नाही, मीच घाई करते. नाचता येईना अंगण वाकडं. त्याला नऊ दिले. जगभरच्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या एका खेळात मला पुन:पुन्हा झोप लागली. मी सहा लिहिले, आणि पणजीपासून सावंतवाडीपर्यंतच्या पोरांनी ईमेल करून मला आजी म्हटलं. मी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. आणि एक अगदी छोटा खेळ होता, कुठल्याशा दोघांनी मिळून बनवलेला. शिंप्याचं दुकान, कपडा बेतायचा, शिवायचा आणि गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकून घ्यायचं. त्याची कुणी दखल घेतली नव्हती. मी आठ दिले, आणि त्या आठवड्यात मला फार शांत झोप लागली.

या सगळ्या खेळांचे माझ्यावर उपकार आहेत, वाईट खेळांचे जरा जास्तच. चांगला खेळ खेळताना मी गप्प होते. वाईट खेळ मात्र मला सांगायला लावतो, की बाई, तुला नक्की काय हवं होतं? पस्तिशी उलटेपर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तोंडावर सांगायची सवय मात्र माहेरची. माझं माहेर पेडण्यातलं कोरगाव. तिथे देवळाच्या उत्सवात गावकरीच नाटक करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या दुकानात त्याच नाटकाची चिरफाड होते. नट समोरच बसलेला असतो, भाजी-पाव खात. त्याने ऐकायचं, उलट बोलायचं नाही, असा शिरस्ता. माझे वडील फेरीबोटीवर नोकरीला होते आणि उत्सवात त्यांना हटकून एखादं छोटं काम असायचं. एका वर्षी ते सैनिक होते. लढाईत मरायचं आणि पडदा पडेपर्यंत पडून राहायचं, एवढंच काम. त्यांना डास चावला आणि त्यांनी मेल्या मेल्या पाय खाजवला. सकाळी चहाच्या दुकानात एकजण म्हणाला, "मेलंस बरो, पण मेल्यावर गप पडान रवाक जमणा नाय तुका." सगळं दुकान हसलं, वडील सगळ्यांत जास्त. पुढच्या वर्षी ते असे काही मेले, की पहिल्या रांगेत बसलेल्या आईचा जीव वरखाली झाला. तोंडावर सांगणं म्हणजे अपमान करणं, हे मला कोरगावात कुणी शिकवलंच नाही.

माझा धाकटा भाऊ मात्र या बाबतीत आईवर गेलाय. कुणी काही बोललं की आठ दिवस खात नाही नीट. पुण्यात कंप्युटरची चांगली नोकरी करत होता. वडील गेले तेव्हा आईला सोबत म्हणून कोरगावला आला, आणि मग एक दिवस म्हणाला, मी परत जात नाही, मी खेळ बनवणार. मोबाइलवरचा नव्हे, कन्सोलवर चालणारा, जगात कुठेही विकता येईल असा. घरामागच्या ज्या खोलीत आम्ही काजूच्या बिया वाळवून ठेवायचो तिथे त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मेजं मांडली. आईला तिघांचा स्वयंपाक लागला. ती कुरकुरायची आणि रोज माशाची एक तुकडी जास्त तळायची.

खेळ फेरीबोटीचा होता. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची, स्कूटरी, मासळीच्या पाट्या, वऱ्हाड, गणपती. तिकडे वरच्या अंगाला हळूहळू पूल बांधला जात असतो, आणि जसजसा पूल पुरा होत जातो तसतशी बोटीवरची माणसं कमी होत जातात. त्याने मला सुरुवातीचा तुकडा तेवढा दाखवला होता. धक्क्याला बोट टेकताना फळी खाली सोडतात, तेव्हा साखळीचा एक आवाज होतो. वडिलांच्या हाताखाली व्हायचा तो आवाज त्याने जसाच्या तसा आणला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

या खेळावर त्याचं सगळं टांगलेलं होतं. बेंगळुरूची एक कंपनी त्याच्या मागे लागली होती. मोबाइलवर पत्ते खेळता खेळता लोकांनी खिसे रिकामे करावेत असे खेळ ती बनवायची. भावाला त्या कामाची शिसारी होती. पण घर चालायला हवं होतं आणि मित्रांनाही पोटं होती. त्याने आईला सांगून टाकलं, की खेळ चालला तर कोरगावात राहीन आणि पुढचा बनवीन, नाही चालला तर दिवाळी झाली की बेंगळुरू. आईने हे आमच्या तमाम नातेवाइकांना कळवलं, त्यामुळे माघार घ्यायलाही जागा उरली नाही.

खेळ होत आला तेव्हा मी कितीदा म्हटलं, आण, बघते. तो म्हणायचा, अजून थोडं आहे ताई. खरं कारण मला नंतर कळलं. तो मला घाबरत होता. पावसाळ्यातला भाग जमलेला नाही ही शंका त्याची त्यालाच होती, आणि ताई ते तासाभरात पकडेल हेही त्याला ठाऊक होतं. खेळ गणपतीच्या चवथीआधी बाहेर काढावा की दिवाळीपर्यंत थांबून नीट करावा, यावर तो अडून बसला. मित्र म्हणत होते थांबू, त्याचा धीर सुटत चालला होता. आमच्याकडे माणूस असा अडला की जायची जागा एकच. आई त्याला घेऊन देवळात गेली, कौल लावायला.

कौल म्हणजे काय, तर देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात, पुजारी आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे हात जोडून बघत राहतात. उजव्या बाजूची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, ऑपरेशन, परदेशी नोकरी, सगळ्याला आमच्याकडे कौल लागतो. व्हिडिओ गेमला लावणारी बहुधा आमची आईच पहिली. पुजाऱ्याने विचारलं, कसला खेळ? आई म्हणाली, बोटीचो. त्याने गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, बोटीचो खेळ भायर काडतत, तो पार कर..." आणि ते पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली आली.

देवाच्या निकालाची एक गोष्ट मला नेहमी हेवा वाटण्यासारखी वाटते. त्याला कारणं द्यावी लागत नाहीत. उजवी म्हणजे उजवी. खाली दोनशे शब्द नाहीत, पावसाळ्यात बोट धक्क्याला का लागत नाही याचा खुलासा नाही. भावाला नेमकं तेवढंच हवं होतं. दोघा मित्रांनी वाद सोडला. देवाने सांगितल्यावर आपण आणखी तपासणार काय? चवथीच्या आधीच्या आठवड्यात खेळ जगभर विक्रीला आला आणि आईने शेजारपाजारी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वाटल्या.

चवथीला मी आमोण्याला होते. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटोळीच्या फळांखाली बसून मोबाइलवर एकेक निकाल वाचत होते आणि घरचे मला आरतीला हाका मारत होते. परदेशातल्या एका नावाजलेल्या संकेतस्थळाने दहापैकी चार दिले. त्यांना नदी आवडली, बाकी काही नाही. मुंबईच्या एका मुलाने व्हिडिओ करून पाच दिले. धक्क्यावर आपटून मागे येणारी बोट तो परत परत दाखवत होता आणि खिदळत होता. आणखी एकाने तीन दिले आणि वाईट आहे, घेऊ नका, एवढंच लिहिलं. आणि एका महाभागाने आठ दिले. आठ बघून माझा जीव भांड्यात पडला, पण पुढे वाचलं तर त्याने बोटीवरच्या लढाईचं तोंडभर कौतुक केलं होतं. भावाच्या खेळात लढाई नाहीच. भाऊ मला पुढे कधीतरी म्हणाला, की सगळ्यांत जास्त त्या आठाने लागलं. चार देणारा निदान बोटीवर चढला तरी होता.

आईचा फोन आला. "देवान उजवो कौल दिल्यान. आणि ह्ये कोण मोठे लागान गेले?"

मी म्हटलं, "आई, देवान भायर काडूक सांगल्यान. बरो झालो म्हणान खय सांगल्यान?"

हे बोलायला नको होतं, असं बोलता बोलताच मला कळलं. ती सरळ मूळ कामावर आली. "तुझा आयतारचा लोक वाचतत. तू धातले नव दी ताका. तुझो भाव तो. नव दिलंस तर तुझा काय जाता?"

"पेपरात भयण म्हणान लिवूक गावना नाय, आई."

"कित्याक? पेपरात तू भयण नसतंस?"

मी फोन ठेवला. मी संपादकांना फोन केला आणि म्हटलं, हा माझ्या सख्ख्या भावाचा खेळ, मी यावर लिहीत नाही. मला वाटलं सुटले. ते म्हणाले, "गोव्यात बनलेला खेळ, आपण सोडायचा कसा? लिहा. पण पहिल्याच ओळीत सांगा, हा माझा भाऊ." आता इकडे आड तिकडे विहीर. नऊ दिले तर रविवारचं सदर खोटं, कमी दिले तर माझ्याच हातांनी भावाला बेंगळुरूच्या बसमध्ये बसवायचं.

मी खेळायला बसले. पहिला अर्धा भाग इतका सुरेख, की मला उठून रस्त्यावर जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मग पाऊस लागला आणि सगळं बिघडलं. नदीला ओढ आली आणि बोट धक्क्याला लागेना. फेरीबोटवाल्याची मुलगी मी. ओढीच्या पाण्यात बोट तिरकी घ्यावी लागते हे मला न शिकता येतं. तिरकी घेतली, तरी आपटून मागे. माझंच चुकतंय म्हणून कितीदा केलं, पण माझं चुकत नव्हतं. शेवटी इंजिन फार आधी बंद करून बोट नुसती वाहू दिली तेव्हा कशीबशी टेकली. पुढे तीच माणसं तीच वाक्यं बोलायला लागली. एक म्हातारी दर फेरीला मला मुलीच्या लग्नाचं आमंत्रण देत होती. तरी मी बोट सोडली नाही. पूल पुरा झाला. शेवटची फेरी आली, धक्क्यावर कुणी नाही. मी इंजिन सुरू ठेवून वाट बघत राहिले. मग स्कूटरवरून एक माणूस आला. पूल पलीकडेच दिसत होता, तो सरळ पुलावरून जाऊ शकला असता. तो बोटीवर चढला. कठड्याला टेकून उभा राहिला, आणि पलीकडे उतरताना त्याने नुसती मान हलवली. तिथे खेळ संपला. मी बराच वेळ रडत बसले. जगातल्या एकाही समीक्षकाने ही फेरी बघितली नव्हती, सगळे पावसातच उतरून गेले होते.

मी नऊ लिहिले. खरंच लिहिले, आणि त्यांच्याकडे बघत बसले. मग ते मला त्या महाभागाच्या आठासारखे दिसायला लागले. भाऊ ते वाचेल आणि त्याला कळेल की ताईने खेळ बघितलाच नाही, फक्त भाऊ बघितला. मी नऊ खोडून सहा लिहिले. पहिल्या अर्ध्या भागाला नऊ, दुसऱ्याला तीन, त्याचं मधलं. आणि एरवी लिहिते त्याच्या दुप्पट लिहिलं. बोट कुठल्या धक्क्याला किती आपटते, इंजिन कुठे बंद केलं तर टेकते, कुठली माणसं तेच तेच बोलतात, कुठल्या दोन फेऱ्या गाळल्या तर बिघडणार नाही, सगळं. शेवटच्या फेरीबद्दल एवढंच, की ती आहे, आणि तिथवर पोचणं आज तरी कुणाला सांगायची माझी हिंमत नाही.

रविवारी ते छापून आलं. त्यानंतर आई फोन करायची तो नवऱ्याच्या फोनवर. "तिका सांग, लोणचा घातलंय." भावाचा काहीच निरोप नाही. दसरा गेला. नवरा माझी बाजू घ्यायचा, त्याने मला आणखीच वाईट वाटायचं. मी खरं लिहिलं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, पण खरं लिहून भाऊ गमावला असेल तर त्या खऱ्याचं काय लोणचं घालायचं होतं?

भाऊबीजेला भाऊ नेहमी डिचोलीला येतो. या वर्षी निरोप आला, ताई, तूच ये. मी समजले, जायची तयारी चालली असणार. कोरगावला पोचले तर व्हरांड्यात कदेलवर, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या लाकडी खुर्चीवर, ही मोठी पिशवी भरून ठेवलेली. आईने उकडे तांदूळ घातले होते, कोकमाची सोलं, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, काजू, लोणच्याची बरणी, रव्याचे लाडू. बेंगळुरूत माणसं उपाशीच मरतात असा तिचा समज असावा. ती दारात आली. "इलंस? बस." आणि मग, पिशवीकडे बघत, "भाव तुझो चल्लो. तू धाडलंस ताका."

मी तिथेच उभी राहिले. तेवढ्यात मागच्या खोलीतून भाऊ आला, दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. माझा हात धरून त्याने मला आत नेलं. आत दोघेही मित्र होते. ते तर केव्हाच आपापल्या वाटेने गेले असतील असं मी धरून चालले होते. भावाने मला बसवलं, कंट्रोलर हातात दिला आणि म्हणाला, "आता बघ."

आई दाराशी येऊन उभी राहिली. मी थेट पावसाळ्यातून सुरू केलं. ओढ तीच, पाणी तसंच गढूळ. बोट तिरकी घेतली, आणि ती टेकली. साखळी वाजली. लग्नाचं आमंत्रण देणारी म्हातारी पुढच्या फेरीला लग्न उरकून परत आली आणि जावयाची उणीदुणी काढायला लागली. ज्या दोन फेऱ्या मी गाळायला सांगितल्या होत्या त्यांतली एक गाळली होती. दुसरी ठेवली होती, आणि त्याचंच बरोबर होतं. आईने तोवर कधी हा खेळ धड बघितला नव्हता. तिच्या लेखी ते कंप्युटरचं काम. ती हळूहळू आत सरकत माझ्या मागे आली आणि पुढच्या धक्क्याला ओरडली, "फळी सोड गो! फळी!" शेवटची फेरी आली. स्कूटरवाला उतरून गेला तेव्हा तिने पदराने तोंड पुसलं.

मग ती माझ्याकडे वळली. "आता दी ताका नव. आता तरी दी."

मी म्हटलं, "छापलेला बदलणत नाय, आई. नव्यान लिवतलंय मी, पण तो सहा आसा तो आसाच."

"नको बदलूक," भाऊ म्हणाला. "सहा रवांदे. बाकीच्यांनी वायट म्हटल्यानी. ताईन खय वायट ता सांगल्यान. माका सकाळी उठान कामाक लागूक गावला."

"आणि बेंगळुरू?" आईने विचारलं.

"तेंका नाय म्हणान सांगलंय. ताईचा छापून इला, तेच्या दुसऱ्याच दिसा."

म्हणजे दसऱ्याच्याही आधी. आई त्याच्याकडे बघतच राहिली. "मेल्या, आणि माका कित्याक नाय सांगलंस?"

"सांगलं असतंय तर तू लगेच कौल लावूक गेली असतंस."

दोघे मित्र भिंतीकडे तोंड करून हसायला लागले. आईला राग यायला हवा होता. ती रागवायच्या बेतातही होती. पण ती वळून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी उगाचच मोठ्याने वाजायला लागली.

मी इतक्या जणांना इतके आकडे दिले. त्यातले कुणी जपानात, कुणी अमेरिकेत. माझी मराठी त्यांनी वाचलीही नसेल. माझ्या शब्दावर कुणी खेळ घेतला असेल, कुणी घेतला नसेल. पण माझं वाईट म्हणणं वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला, आणि तो माझा भाऊ होता, ज्याला कुणी काही बोललं की जेवण जात नाही. सहा घेऊन तो जेवला, कामाला लागला आणि घरी राहिला. त्या दुपारी मला त्याचे पाय धरावेसे वाटले. तो धाकटा, म्हणून धरले नाहीत. ओवाळताना मात्र त्याच्या कपाळावरचा टिळा वाकडा लागला.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा आई व्हरांड्यात आली. माझ्याकडे सरळ न बघता तिने कदेलवरची पिशवी उचलली आणि माझ्या हातात दिली. "लोणचा तुझ्या घोवाक आवडता. सुंगटां एकदा उनात घाल. लाडू लगेच खा, टिकाचे नाय." दोन्ही हातांनी धरावी लागली, इतकी जड होती. बेंगळुरूसाठी बांधलेलं सगळं सामान घेऊन मी डिचोलीला आले.